‘मॅडम, ताप डोक्यात जाईल का?’ : आमच्या दवाखान्याची वाटचाल

लहान मुलांचा दवाखाना सुरू केला तेव्हा दोन खोल्या होत्या, एक वजनकाटा होता आणि मी होते. सिस्टर दुसऱ्या महिन्यात आल्या. आज आम्ही चौघी आहोत, खोल्याही वाढल्या. पण आमची खरी वाटचाल विचाराल तर ती एका प्रश्नापासून सुरू झाली. पहिल्या वर्षी रात्री येणारे बहुतेक फोन तापाचे असत आणि पलीकडून हमखास विचारलं जाई, “मॅडम, ताप डोक्यात जाईल का?”

याच पालकांना मी दिवसा सगळं समजावून सांगितलेलं असे. सुरुवातीला वाटायचं, यांनी नीट ऐकलं नाही. मग लक्षात आलं, की रडतं मूल मांडीवर घेऊन ऐकलेलं कुणाच्याच ध्यानात राहत नाही. शिवाय तीच भीती घरातली मोठी माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आलेली असतात. माझ्या पाच मिनिटांच्या बोलण्याने ती कशी जाणार?

म्हणून पहिलं पत्रक लिहिलं. दोन पानी होतं. ताप कसा चढतो, मेंदूतलं कोणतं केंद्र तो ठरवतं, सगळं त्यात होतं. ते कुणी वाचलं नाही. सिस्टरांनी एक दिवस पेन घेतलं आणि अर्ध्याहून जास्त मजकूर खोडला. “रात्री दोन वाजता आईला यातलं काय लागेल तेवढंच ठेवा,” म्हणाल्या. उरलं ते असं : संसर्गामुळे आलेला ताप मेंदूला इजा करत नाही. थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय ते बघा. ते पितंय का, लघवी होतेय का, ताप उतरल्यावर जरा खेळतंय का? मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

आकडीबद्दलच्या चार ओळी नंतर वाढवल्या. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. ‘घड्याळ बघा’ हे शब्द एका बाबांनी सुचवले. त्यांच्या मुलाची आकडी त्यांना अर्ध्या तासाची वाटली होती.

आमची मोठी चूक औषधाच्या मापाची. आठ किलोच्या एका बाळासाठी मी कागदावर नुसतं ‘पॅरासिटामॉल 5 मि.लि.’ लिहिलं. हिशोब बरोबर होता. किलोमागे 15 मिलिग्रॅम धरले तर 120 मिलिग्रॅम, आणि माझ्या मनातल्या सिरपमध्ये 5 मि.लि.ला 120 मिलिग्रॅमच होते. पण घरी होती त्याच औषधाच्या थेंबांची बाटली, 1 मि.लि.मध्ये 100 मिलिग्रॅमची. म्हणजे बाळाला चौपट डोस गेला असता. बाटली एवढीशी आणि माप एवढं मोठं कसं, असं वाटून आईने आधी फोन केला, म्हणून वाचलो. तिने शंका घेतली नसती तर दोष पूर्णपणे माझा होता.

तेव्हापासून आम्ही मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहितो, कोणत्या बाटलीतलं तेही लिहितो. पालकांना घरातली बाटली घेऊन यायला सांगतो आणि सुईशिवायची सिरिंज देऊन समोर माप भरायला लावतो. घरातले चमचे मापाला चालत नाहीत, प्रत्येकाचा आकार वेगळा. पहिल्यांदा माप चुकणारे पालक खूप असतात, शिकलेलेही.

जुलाबाच्या पत्रकावर मात्र माझा फार जीव आहे. उलट्या-जुलाब होणाऱ्या मुलाला सलाइन लावल्याशिवाय उपचार झाले असं बऱ्याच घरांना वाटत नाही. मग मी त्यांना 1971 सालची गोष्ट सांगते. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोजबरोबर सोडियम ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. म्हणून नुसतं पाणी ओआरएसचं, म्हणजे पुडीतल्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, काम करत नाही. आणि म्हणूनच पुडी अर्धी करून अंदाजाने कालवायची नाही. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमचा-चमचा. सोबत झिंक, दहा ते चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

खोकल्याच्या बाबतीत आम्ही पालक गमावले. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला नाही की ते डॉक्टर बदलायचे, दुसरीकडे अँटिबायोटिक मिळायचं आणि पुढे आपोआप थांबणाऱ्या खोकल्याचं श्रेय त्या औषधाला जायचं. साध्या सर्दीच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही, हे सांगून फरक पडला नाही. फरक पडला एका आकड्याने : निम्म्या मुलांचा खोकला दहा दिवसांत जातो, पण दहातल्या नऊ मुलांचा जायला पंचवीस दिवस लागतात. पंचवीस हा आकडा ऐकून आया चक्क सैल होतात. धाप लागली, बरगड्यांखाली खळगे पडू लागले, पिणं सुटलं, तर मात्र दिवस मोजत बसायचं नाही. तेही त्याच ओळीखाली ठळक छापलंय.

लसीबद्दल मी आधी फार बोलायचे. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध जोडणारा 1998 चा तो लेख बारा मुलांवरचा होता, 2010 मध्ये तो मागे घेतला गेला, 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध दिसला नाही, हे सगळं एका दमात. एक आई गप्प ऐकून निघून गेली. पुढच्या वेळी मी आधी विचारलं, “तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?” तिला ऑटिझमबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. मोठ्या मुलीची मांडी लसीनंतर दोन दिवस सुजली होती आणि ‘असं होतं’ हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता आम्ही आधी विचारतो, मग बोलतो.

प्रत्येक पत्रकाखाली तारीख असते आणि दरवर्षी ते पुन्हा तपासतो. कारण डॉक्टरही चुकलेले आहेत. तान्ह्या बाळांना पालथं निजवा, असं कित्येक वर्षं डॉक्टरच सांगत. पुरावा साचला, नव्वदच्या दशकात उताणं निजवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या अनेक देशांत निम्म्याच्या आसपास आली. एखादी आजी म्हणते, “आमच्या डॉक्टरांनी तर पालथंच सांगितलं होतं,” तेव्हा मी तिला खोटं पाडत नाही. त्यांनी तसंच सांगितलं होतं.

नवं पत्रक छापण्याआधी बाहेर बसलेल्या दोन पालकांना मोठ्याने वाचायला देतो. ते अडखळतात तिथे शब्द बदलतो. सध्या दम्याच्या पंपाचं पत्रक असंच तिसऱ्यांदा खोडलेलं टेबलावर पडलंय.

गेल्या आठवड्यात रात्री एक फोन आला. “मॅडम, दीड वर्षाची आहे, 39 ताप आहे. अकरा किलो, दीडशे मिलिग्रॅम दिलंय साडेअकराला. दूध पितेय, लघवी झाली, मघाशी हसली. आत्ता आणू की सकाळी?” मी सकाळी आणा म्हटलं. सकाळी पहिल्या नंबरावर ती आली. उजवा कान लाल होता.