तुम्ही विचारलंत म्हणून: बॉयलरच्या एका ट्यूबसाठी साखर कारखाना बंद का?

"साहेब, बॉयलरची एक नळी तर फुटली. वेल्डर बोलवायचा, जोडायची, पेटवायचं. त्यासाठी दोन-दोन दिवस गळीत बंद?"

हा प्रश्न मला गव्हाणीपाशी गाडीवानांनी विचारलाय, संचालकांनी विचारलाय, लग्नाच्या पंगतीत पाव्हण्यांनी विचारलाय. थोरला भाऊ तर दर हंगामात विचारतो, कारण त्याचाही ऊस त्याच यार्डात वाळत असतो. तोडलेल्या उसाचं वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, हे मला सांगावं लागत नाही. कारखान्याचा बॉयलर सांभाळत असलो तरी मी उसाच्याच घरातला आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमचा बॉयलर 45 किलो दाबाचा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 45 किलो. त्या दाबाला ड्रममधलं, म्हणजे ट्यूबा जिला जोडलेल्या असतात त्या मोठ्या टाकीतलं, पाणी अडीचशे अंशांच्या वर असतं. बगॅस, म्हणजे जळणाचं चिपाड, टाकायचं थांबवलं म्हणून तो लगेच निवत नाही. घाईनं थंड केला तर ड्रममध्ये तोंड फुगवून (एक्स्पांड करून) घट्ट बसवलेल्या ट्यूबांचे सांधे सैल होतात आणि एक गळती काढायला जाऊन चार नव्या होतात. शेजारचा बॉयलर त्याच हेडरवर, म्हणजे वाफेच्या सामाईक पाइपवर, चालू असतो. त्याची वाफ इकडे येणार नाही याची खात्री करायची, व्हॉल्व्हला कुलूप घालायचं, मगच माणूस 24 व्होल्टचा दिवा घेऊन मॅनहोलमधून आत उतरतो. त्याला आत पाठवायची घाई मी कुणाच्याही फोनवरून करणार नाही. पुढं वेल्डर बॉयलरच्या कामाचं सर्टिफिकेट असलेलाच लागतो, ट्यूबला दाखला लागतो, बाष्पके संचालनालयाची मंजुरी लागते, आणि शेवटी पाणी भरून चालवायच्या दाबापेक्षा जास्त दाबानं टेस्ट.

इथपर्यंत सांगितलं की लोक मान डोलावतात. मग विचारतात, "पण त्या वर्षी सारखाच का बंद पडत होता?" खरा प्रश्न हाच आहे.

त्या हंगामात पहिली गळती कळली ती बॉयलरच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या वॉटरमनमुळे. "साहेब, पाणी जास्त खातंय," एवढंच तो म्हणाला. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड टँक भराभर उतरत होता. भट्टीत डोकावायच्या भोकाला, पीपहोलला, कान लावला तर आगीच्या घरघरीखाली एक बारीक, न थांबणारी शिट्टी. भट्टीच्या भिंतीतली ट्यूब होती. तुकडा कापला, नवा घातला, टेस्ट घेतली, पेटवलं. थोड्याच दिवसांत तिच्या शेजारची गेली. पुन्हा तेच. यार्डात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत, बैल जुवाखालून सोडलेले, तोडणीच्या टोळ्या पाचटाच्या कोपीत बसून. भाऊ गेटवर येऊन काही न बोलता परत गेला.

या खेपेला मी हट्ट धरला, की फुटलेल्या ट्यूबबरोबर शेजारची चांगली दिसणारीही कापायची. "धड ट्यूब कापताय?" म्हणून वरून बोलणी खाल्ली. कापली. उभी चिरून उघडली तर आतून काळा, टणक थर. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला तेव्हा खपली निघाली आणि जळक्या काकवीचा वास आला.

बॉयलरच्या पाण्यात साखर! ती तिथं जळते, आम्ल होतं, साडेनऊ-दहावर असणारा पीएच खाली येतो, कार्बन ट्यूबला आतून चिकटतो. मग आतल्या पाण्याला ट्यूबची उष्णता नीट ओढून घेता येत नाही आणि ती तापून फुगते, फुटते.

बॉयलरला पाणी जातं ते कंडेन्सेट, म्हणजे रस आटवताना वाफेचं परत झालेलं पाणी. साखर आली तर त्यातूनच. लॅबचं रजिस्टर मात्र स्वच्छ. दर पाळीला कंडेन्सेट तपासलेलं, साखर निरंक. रजिस्टर खोटं नव्हतं. म्हणूनच कोडं सुटत नव्हतं. शेवटी कारखाना सुरू करायच्या रात्री मी स्वतः इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांच्या रांगेतल्या, पहिल्या बॉडीखाली उभा राहिलो. परीक्षानळीत कंडेन्सेट, अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, कडेनं हळूच सल्फ्युरिक ॲसिड. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटलं, गडद. म्हणजे साखर. तासाभरानं घेतलेल्या नमुन्यात काहीच नाही.

त्या बॉडीच्या कॅलँड्रियाची, म्हणजे आतून रस आणि बाहेरून वाफ असलेल्या नळ्यांच्या जुडग्याची, एक ट्यूब चिरली होती. चालू असताना वाफेचा दाब रसापेक्षा जास्त, त्यामुळं वाफ रसात जायची आणि कंडेन्सेट स्वच्छ दिसायचं. कारखाना थांबला, वाफ पडली, की रस उलटा वाफेच्या बाजूला झिरपायचा. पुन्हा सुरू केलं की पहिलं कंडेन्सेट तो रस घेऊन थेट फीड टँकमध्ये. म्हणजे बॉयलर दुरुस्तीसाठी आम्ही जेवढ्या वेळा थांबलो, तेवढ्या वेळा आम्हीच त्याला साखर पाजली!

यात मी काय वेगळं करायला हवं होतं? तरुणपणीचा मी म्हणेन, ड्रमच्या अलीकडचं बॉयलिंग हाऊसचं, म्हणजे रस आटवून साखर करणाऱ्या विभागाचं, पलीकडचं आपलं. ते मी आता मानत नाही. पण पहिल्याच गळतीला लांब बंद घेऊन सगळं उघडायला हवं होतं का? उसाचे ढीग समोर असताना एका ट्यूबवरून तसं सांगायला माझ्याकडं पुरावा काय होता? आणि नसता सापडला तर? आमचे चीफ केमिस्ट अजूनही म्हणतात, तुमच्या ट्यूबा जुन्या होत्या, पातळ झाल्या होत्या. जाडी मोजली तेव्हा काही पातळ निघाल्या, हेही खरं आहे. नुसत्या साखरेनं फुटल्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता कारखाना थांबून सुरू झाला की पहिलं कंडेन्सेट मी गटारात सोडतो, नमुना निरंक येईपर्यंत. गरम पाणी वाया जातं, त्याच्या जागी गार पाणी तापवायला बगॅस जास्त जातो, त्यावरून प्रत्येक मीटिंगला मला विचारणा होते. भाऊही विचारतो. सोडायचं मी थांबवलेलं नाही.