सप्तपदी झाली, दाखला नाही

बडोद्यात मी विवाहनोंदणीची आणि व्हिसाच्या कागदपत्रांची कामं करते. त्या दिवशी दांडिया बाजारातलं एक कुटुंब लग्नाचा अल्बमच घेऊन आलं. मुलगी, तिचे आईवडील आणि अमेरिकन जावई. अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं यथासांग झालेलं. एका फोटोत मुंडावळ्या बांधलेला उंचापुरा नवरदेव सासूबाईंचा हात कपाळापर्यंत पोचावा म्हणून गुडघ्यात वाकला होता. आठवड्याभरात त्याचं परतीचं विमान होतं.

"वकीलबाई, हिचा टुरिस्ट व्हिसा काढून द्या. पुढचं तिकडे गेल्यावर बघू," वडील म्हणाले.

मी लग्नाचा दाखला मागितला. त्यांच्याकडे गुरुजींच्या सहीचा कागद होता. मग मला सांगावंच लागलं. जावई ख्रिश्चन, आणि हिंदू विवाह कायदा तर दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. कायद्याच्या लेखी हे लग्न अजून लागलेलंच नाही.

"अहो, चारचौघांसमोर कन्यादान केलंय आम्ही!" आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाआधी कोणीतरी यांना हे सांगायला हवं होतं, असं मला फार वाटलं. हॉल, केटरिंग, आहेर यांची महिनोन् महिने चर्चा होते, कायद्याची कोणी करत नाही.

वडील मात्र जरा विचार करून म्हणाले, "मग बरंच झालं की! फॉर्मवर अविवाहित लिहा. त्यात खोटं काय?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच मी सावकाश उत्तर दिलं. "काका, प्रश्न त्या रकान्याचा नाही. ही जाणार आहे राहायला आणि सांगणार आहे फिरायला." अमेरिकेच्या कायद्यातल्या २१४ (ब) कलमाप्रमाणे पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं गृहीत धरतात, परत येणार हे त्यानं पटवून द्यायचं असतं. हेतू लपवून व्हिसा मिळवल्याचं उघड झालं, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. आठवड्याभरात मुलाखतीची तारीख मिळणंही अशक्यच होतं.

मुलीनं सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी याची बायको म्हणूनच जाणार. उशीर झाला तरी चालेल."

मला तिचा अभिमान वाटला.

वाट होती ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. झालेल्या लग्नाची त्यात नोंद करता येते, पण त्यासाठी दोघांचाही जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम हवा. जावयाचा तेवढा मुक्काम नव्हता. नव्यानं विवाह करायचा तर एकाचा मुक्काम पुरतो, आणि मुलगी तर जन्मापासून बडोद्याची. नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींची वाट पाहायची आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. मुदत टळली की नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जावयानं तिथंच बसून साहेबाला रजेसाठी मेल टाकला. विमानाआधी त्यानं नोटिशीवर सही केली, आणि मुदतीत परत आला. साक्षीदारांत मुलीचा मामा होता.

दाखला हाती आल्यावर नवऱ्यानं आय-१३०, म्हणजे बायकोला कायमचं अमेरिकेत नेण्यासाठीचा पहिला अर्ज भरला. तो मंजूर झाला की उत्पन्नाचं हमीपत्र, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती तिथे पोचली, तर ग्रीन कार्डही दोनच वर्षांचं, सशर्त मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा. हे मी तिला आत्ताच लिहून दिलंय, कारण संसाराच्या धांदलीत नेमकी हीच तारीख विसरली जाते. दोघांच्या भेटींची तिकिटं आणि फोटो तारीखवार लावून ठेव, असंही सांगितलंय. हे काम वडिलांनी अंगावर घेतलंय. दर थोड्या दिवसांनी फाइल दाखवायला येतात.