जिप्समचं ते एक वाक्य

दिवाळीत चिकोडीकडचे काका आमच्याकडं टिळकवाडीत आले होते. रात्री अकरा वाजले तरी मी छापण्याआधी तपासायला आलेला दुसऱ्याचा शोधनिबंध उघडून बसलेलो. "काय वाचालाईस एवढं? पैसं किती देत्यात?" काहीच देत नाहीत म्हटल्यावर ते गप्प झाले. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो, अभ्यास जमिनीतल्या क्षारांचा. माझ्या पहिल्या निबंधावर दोन परीक्षकांची मतं आली होती. एकानं ओळभर लिहिलं, भाषा सुधारा. दुसऱ्यानं दोन पानं लिहिली. मी माती एकास अडीच पाण्यात ढवळून विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती ते सांगणारा आकडा, मोजली होती आणि ताडून पाहिली ४ डेसिसायमन प्रति मीटर या खारवट जमिनीच्या मर्यादेशी. ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या, मातीच्या अर्काची. पातळ द्रावणात आकडा कमीच येतो. म्हणजे बिघडलेली कितीतरी रानं मी चांगली ठरवली होती! सगळं पुन्हा मोजलं. तो माणूस कोण, मला आजही माहीत नाही.

त्याचं देणं मी असं फेडतो. माझा प्रत्येक निबंध दोघं-तिघं फुकट वाचतात, मग मीही तेवढे तरी वाचायला हवेत. पब्लॉन्स हे संकेतस्थळ २०१२ साली सुरू झाल्यापासून (आता ते वेब ऑफ सायन्समध्ये विलीन झालंय) अशा कामाची नोंद ठेवता येते, ते बरं वाटतं. पण नोंदीसाठी कुणी रात्री जागत नाही.

निमंत्रण आलं की आधी लेखक ओळखीचे नाहीत ना ते बघतो. विषय आपल्या आवाक्यातला नसेल तर त्याच दिवशी नकार कळवतो, संपादकाला ताटकळत ठेवणं वाईट. मग एकदा सलग वाचतो, दुसऱ्यांदा फक्त तक्ते.

त्या रात्रीच्या निबंधात तक्त्यातच गडबड होती. सामू (पीएच) ८.५ च्या आत, मातीच्या कणांना चिकटलेलं विनिमेय सोडियम १५ टक्क्यांच्या खाली, तरी शेवटी शिफारस सरसकट जिप्समची. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम हटवतं, ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीत कामाचं. या आकड्यांवरून ही जमीन नुसती खारवट, क्षार साठलेली. तिला निचरा हवा, चर हवेत. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन काकांचं रान असंच पांढरं पडलंय. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ट्रॉलीभर जिप्सम ओतलं होतं. ऊस पिवळा तो पिवळाच. ते पैसे आठवत मी दीड पान लिहिलं, कुठंही लेखकाला लागेल असा शब्द येऊ न देता.

निबंध आता छापून आलाय. जिप्समचं वाक्य गेलं, तिथं निचऱ्यावर परिच्छेद आहे. काकांना फोनवर तो मराठीत सांगितला. त्यांनी विचारलं, "चर किती खोल काढायचा?"

रविवारी काकांच्या गावी, मांजरीला जातोय, त्यांच्या रानातली माती आणायला.