चार थेंबांचा निगेटिव्ह

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात सीबीनॅटच्या, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर असते मी, लॅब टेक्निशियन. रोजचं काम म्हणजे थुंकीच्या डब्या, सकाळी गठ्ठ्याने येतात, मशीनच्या चार खान्यांपैकी एक मॉड्यूल कायम बंद असतं, उरलेल्या तिनावर दिवस काढायचा. पाठीतलं पाणी म्हणजे सीएसएफ, मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, महिन्यातून चार-पाचदा येतं, त्यामुळे त्याच्याकडे वेगळं लक्ष देऊन बघायची सवयच नव्हती, खरं सांगते.

मार्च महिना होता. कारखाने बंद होऊन ऊसतोडीची माणसं गावाकडं परतत होती, त्यातलीच एक पोरगी, एकोणीस वर्षांची. तीन आठवडे डोकेदुखी, बारीक ताप, उलट्या. फडावर कुणी पित्त म्हणालं, एकाने टायफॉइड म्हणून सलाईन लावली, आणि आमच्याकडे आली तेव्हा एक डोळा तिरळा झालेला आणि आईला ओळखत नव्हती.

रात्री पाणी काढलं. ते वाटलं गेलं बायोकेमिस्ट्रीला, पॅथॉलॉजीला, थोडं स्मिअरला म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, आणि सगळ्यांचं भागल्यावर माझ्याकडे जी नळी आली ती तिरकी केली तर तळाशी चार थेंब. अर्धा एमएल पण नसेल. नियमाने ०.१ एमएलच्या वर असलं तर चालतं, रीएजंट म्हणजे तपासणीचं रसायन घालून २ एमएल करायचं आणि कार्ट्रिजमध्ये, मशीनमध्ये बसवायच्या डबीत, सोडायचं, तसं केलं. एमटीबी नॉट डिटेक्टेड, म्हणजे टीबीचा जंतू सापडला नाही. सही केली आणि डबा खायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिसिनचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, धावत खाली. "ताई, त्या रिपोर्टचा चुलत्याने मोबाईलवर फोटो काढलाय, म्हणतोय टीबी नाहीच निघाला तर टीबीच्या गोळ्या कशाला, सही करून घरी नेतो." त्या रेसिडेंट पोराने आदल्या रात्रीच टीबीची औषधं आणि डेक्सा हे सूज उतरवणारं स्टेरॉइड चालू केलं होतं, रिपोर्टची वाट बघत बसला नव्हता, आणि बरोबरच केलं होतं. पाण्यात पेशी वाढून १८०, बहुतेक लिम्फोसाइट म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, प्रोटीन वाढून २४०, साखर उतरून २८, सीटीत मेंदूच्या बुडाशी सगळं चिकट झालेलं, पाणी साठायला लागलेलं. सगळं टीबीच म्हणत होतं, फक्त माझा कागद नाही म्हणत होता.

मेंदूच्या टीबीत जंतूच मुळात इतके कमी असतात की स्मिअरमध्ये दहा पेशंटमागे एखाद-दोघांतच दिसतात, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, ते निगेटिव्ह म्हणायचं तर सहा आठवडे थांबावं लागतं. आमच्याकडे नुकत्याच अल्ट्रा कार्ट्रिज आल्या होत्या. जुन्या कार्ट्रिजला एका एमएलमध्ये शंभरावर जंतू लागायचे, अल्ट्राला साधारण १६ पुरतात. पण नळीत एकही उतरला नसेल तर मशीन काय कपाळ वाचणार!

मी म्हटलं, सर परत पाणी मिळेल का, आणि निदान सहा एमएल. त्याने किडनी मागितल्यासारखं बघितलं. पण सीटी बघून सिनियरनी हो म्हटलं, आता राहिला चुलता.

वॉर्डात मीच गेले, माझं काम नव्हतं ते. बाप भिंतीला टेकून बसलेला, एक शब्द नाही, बोलत होता चुलता. "मॅडम, मणक्यातलं पानी काढलं की पोरगी पांगळी होती म्हणत्यात. काल काढलं, आज परत? किती काढताव?" मी सांगितलं की ते पाणी शरीर रोज अर्धा लिटर नवं बनवतं, एका वेळी दीडशे एमएलच्या आसपास असतं, आपण त्यातलं चमचाभर घेणार. तेव्हा बाप पहिल्यांदा बोलला. "म्हंजी हिरीवानी? उपसलं तरी झरा चालू?" हो म्हटलं, अगदी तसंच. मी इतकी वर्षं या लाईनमध्ये आहे, मला नसतं सुचलं. त्यानेच अंगठा दिला, चुलता बाहेर निघून गेला.

आठ एमएल मिळालं. दोन कल्चरला, सहा मला, आणि ती नळी मी स्वतः हातात धरून खाली आणली. सेंट्रीफ्यूजला पंधरा मिनिटं, वरचं पाणी काढलं, जंतू असलेच तर तळाशी बसतात, तिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तरी तेच जपायचं. रीएजंट घातलं, तो स्पिरिटसारखा वास आला, कार्ट्रिज भरली, लावली. निगेटिव्ह असेल तर मशीन तासाच्या जरा पुढे थांबतं, पॉझिटिव्हला अजून थोडा वेळ घेतं, त्यामुळे मी थुंकीच्या डब्यांवर नंबर टाकत होते पण लक्ष सगळं घड्याळाकडे. सत्तर मिनिटं झाली, चालूच. मग हात थांबलाच माझा.

एमटीबी डिटेक्टेड, ट्रेस. रिफ रेझिस्टन्स इंडिटरमिनेट.

रेसिडेंटचा पहिला प्रश्न, ताई ट्रेस म्हणजे हो की नाही? थुंकीत, आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात ट्रेस आला तर डोकं खाजवावं लागतं, मेलेल्या जंतूंचा पण डीएनए सापडतो. पण सीएसएफमध्ये ट्रेस म्हणजे हो, सरळ हो. फक्त रिफ म्हणजे रिफॅम्पिसिन, टीबीचं मुख्य औषध, चालेल का ते इतक्या कमी जंतूंवर मशीनला सांगता येत नाही, त्याला कल्चरच.

चुलत्याने तो पण रिपोर्ट बघितला म्हणे. "ट्रेस म्हंजी थोडाच हाय ना?" रेसिडेंट म्हणाला, "मामा, थोडाच आहे, पण मेंदूत आहे." मग नाही नेलं घरी.

कल्चर चौथ्या आठवड्यात लागलं, औषधं लागू पडणारा निघाला. पोरगी दीड महिन्याने चालत ओपीडीला आली, बारा महिन्यांचा कोर्स चालू, डोळा अजून थोडा तिरळाच होता, आईचा पदर धरून उभी होती. मला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवसापासून सीएसएफच्या प्रत्येक रिपोर्टवर मी पेनाने किती एमएल आलं ते लिहायला लागले. आमच्या लॅबच्या मॅडम आधी ओरडल्या, रिपोर्टात असा कॉलम नाही म्हणून, आता त्यांनीच शिक्का करून आणलाय. कमी पाणी पाठवलेलं कागदावर दिसतं म्हणून वॉर्डातली डॉक्टर पोरं वैतागतात, म्हणतात ताई, तुम्ही आमची चहाडी करता. करते.