ताण कधी तोडायचा

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

परवा रात्री शेवटचा ऑडिट अहवाल अपलोड झाला, काल अकरा तारखेची जीएसटीची विवरणपत्रे भरून झाली, आणि आज सकाळच्या एसटीने मी नाशिकहून सटाण्याला, दादाच्या डाळिंबाच्या मळ्यात आले. दुपारी बांधावर बसले असताना दादा ठिबकचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत होता. "आजपासून ताण," तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीकडे गेला. गेले दोन महिने हा शब्द मी दिवसातून दहा वेळा तक्रारीसारखा उच्चारला आहे. त्याच्या तोंडी तो खत घालणे किंवा छाटणी करणे यांसारख्या एखाद्या साध्या कामाचे नाव होता.

डाळिंबाचे झाड आपल्या हवेत मोकळे सोडले तर वर्षभर थोडीथोडी फुले देत राहते आणि बाजारात नेण्याजोगा माल एकदम कधीच हाती लागत नाही. म्हणून बहार धरायचा असतो. दादाचा आंबे बहार असतो, म्हणजे आता पाणी तोडून ताण द्यायचा, झाडाची पाने पिवळी पडून गळू द्यायची, मग हलकी छाटणी करून, खते देऊन जानेवारीत पहिले पाणी सोडायचे, की झाड एकदम फुलावर येते. त्याची जमीन हलकी, मुरमाड आहे, त्यामुळे महिन्याभराचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून तिथे दिवस वाढवावे लागतात. प्रमाणापेक्षा जास्त ताण दिला तर काड्या वाळतात आणि त्या वर्षीचा बहार तर जातोच, झाडही पुढे लवकर सावरत नाही. हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण आपल्या कामाशी त्याची सांगड घालण्याचे आजवर कधी सुचले नव्हते.

सनदी लेखापालाचे वर्ष तारखांवर चालते. त्यातली ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची, म्हणजे व्यापाऱ्यांचे हिशेब तपासून अहवाल देण्याची, तारीख आमचा खरा ताण, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ही तारीख नसती तर माझी निम्मी कामे झालीच नसती. मे महिन्यापासून ज्यांना आठवण करून द्यावी लागते ते व्यापारी सप्टेंबरच्या विसाव्या दिवशी कॅरीबॅगेत कोंबलेली बिले घेऊन स्वतःहून येतात. माझेही तसेच असते. एरवी ज्या मुद्द्यावर मी चार दिवस घोळ घातला असता, त्यावर तारीख जवळ आली की अर्ध्या तासात निर्णय होतो, कारण काय महत्त्वाचे आणि काय सोडून देण्याजोगे हे तेव्हा लख्ख दिसू लागते.

मात्र सगळी कामे सारखा ताण सोसत नाहीत. येर्क्स आणि डॉडसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसले होते की सोपा फरक ओळखायचा असेल तर विजेचा जोराचा धक्का उपयोगी पडतो, पण ओळखायचा फरक जितका बारीक, तितका धक्का सौम्य असावा लागतो. व्हाउचर लावणे, फॉर्म भरणे, अपलोड करणे ही कामे शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीत सुरेख होतात, उलट तेव्हाच ती झपाट्याने उरकतात. एखादा खर्च मान्य होईल की नाही, भागीदाराला दिलेले व्याज कलमात बसते की नाही, हे ठरवायला मात्र डोके गार लागते. म्हणून काही वर्षांपासून मी विचाराची कामे जुलै-ऑगस्टमध्ये, स्वतःच लावून घेतलेल्या लहानशा तारखांवर करते आणि हातांची कामे सप्टेंबरसाठी ठेवते.

यंदा ही घडी मोडली. २५ सप्टेंबरला मुदतवाढ जाहीर झाली आणि ३० सप्टेंबरची तारीख ३१ ऑक्टोबरवर गेली. ती आम्हीच मागितली होती, त्यामुळे कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही, आणि त्या संध्याकाळी ऑफिसात पेढेही वाटले गेले. दुसऱ्या दिवशी फोन वाजायचे थांबले. ज्याचा लेजर उतारा यायचा राहिला होता तो गायब झाला, आर्टिकल मुले, म्हणजे आमच्याकडे उमेदवारी करणारे सीएचे विद्यार्थी, दुपारी चारला चहाला गेली ती साडेपाचला परतली, आणि मीही जी फाइल हातावेगळी करणार होते ती खालच्या खणात सरकवली. आज दादाला हे सांगितले तेव्हा तो हसला. ऐन ताणात अवकाळी पाऊस पडला तर झाडाला मध्येच पालवी फुटते, पण फूल काही येत नाही. याला शेतकरी ताण तुटला असे म्हणतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजतात. आमचेही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले, आणि ते नेमके दिवाळीवर आले. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. मी पूजेला पाट मांडला, नैवेद्य दाखवला आणि आठ वाजता पुन्हा लॅपटॉप उघडला. पुढे २९ ऑक्टोबरला आणखी एक मुदतवाढ आली, १० नोव्हेंबरपर्यंतची, तेव्हा पेढे कोणालाच आठवले नाहीत.

त्यातली एक रात्र नोंदवून ठेवते. एका औषधविक्रेत्याच्या बँक मेळात, म्हणजे त्याची पुस्तके बँकेच्या उताऱ्याशी जुळवताना, १८,००० रुपयांचा फरक येत होता. रात्री अकरापासून दीडपर्यंत मी आणि एक आर्टिकल मुलगी उताऱ्यावरच्या नोंदी एकामागून एक टिक करत राहिलो, फरक सापडला नाही, आणि वैतागून मी त्या मुलीवर विनाकारण ओरडलेही. सकाळी सात वाजता, स्वयंपाकघरात दूध उतू जाईल म्हणून उभी असताना, डोक्यात आले की १८,००० ला ९ ने भाग जातो. ज्या फरकाला नऊने भाग जातो तिथे आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा, हे आमच्या पेशात पहिल्या वर्षाला कळते. ऑफिसात जाऊन पाहिले तर ८६,३०० चा चेक पुस्तकात ६८,३०० लिहिलेला होता. दहा मिनिटांचे काम होते. रात्रीच्या अडीच तासांत मला नवे काही सुचले नाही, इतकेच नव्हे तर वीस वर्षांपूर्वी शिकलेलेही आठवले नाही. पेशातले लोक जागरणांचे कौतुक फार करतात, रात्री बाराला ऑफिसात मागवलेल्या पावभाजीचे फोटो मोठ्या अभिमानाने ठेवतात. मीही ठेवले आहेत. त्या मुलीची मी सकाळी माफी मागितली.

विश्रांतीबद्दलही माझा समज चुकीचा होता असे आज वाटले. तारीख संपली की दोन दिवस पडून राहायचे, फोन चाळत दहापर्यंत लोळायचे आणि तिसऱ्या दिवशी सर्दी-तापाने खाटेला खिळायचे, याला मी विश्रांती समजत आले. दादाच्या बागेतले फळ ऑगस्टमध्ये उतरले आणि तेव्हापासून आजपर्यंत बाग विश्रांतीवर होती, पण त्या तीन महिन्यांत त्याने तिला एक दिवसही वाऱ्यावर सोडले नव्हते. शेणखत घातले, पाणी चालू ठेवले, बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या घेतल्या. "आत्ता काडीत अन्न साठलं नाही, तर ताण कशावर सोसायचा तिनं?" असे तो म्हणाला. म्हणजे त्याच्या हिशेबात विश्रांती ताणाच्या आधी येते. माझ्या वहीत ती नेहमी शेवटी असते, आणि उरली तरच.

संध्याकाळी वहिनीने बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. मी दोन महिन्यांनी घड्याळ न बघता जेवले. नंतर वही उघडली. ऑडिटच्या फाइलींची आयकराची विवरणपत्रे भरायची तारीख आता १० डिसेंबर आहे, तिच्याआधी माझी स्वतःची ३ डिसेंबर लिहिली, आणि या वेळी मुदत पुढे गेली तरी ही हलणार नाही असे तांबड्या शाईने लिहिले. ११ ला पुन्हा जीएसटी आहे. १२ ते १४ डिसेंबर या तीन दिवसांपुढे "सटाणा" असे लिहून पानाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दहाच मिनिटांत त्याच आर्टिकल मुलीचा निरोप आला: "मॅडम, सटाण्याचा हा कोणता क्लायंट? त्यांची फाइल कपाटात सापडत नाही."