प्रिंटर सगळ्यांचा, वायर एकाची

ऑफिसातला प्रिंटर सगळ्यांचा असतो म्हणतात. पण त्याची वायर शोधत मागे गेलं तर ती कुणातरी एकाच्याच संगणकात खोचलेली सापडते. आमच्याकडे ती अकाउंट्सच्या मॅडमच्या संगणकात होती आणि बाकीचे सगळे त्यांच्या ‘शेअरिंग’वर. त्यामुळे मॅडम रजेवर असल्या तरी त्यांचा संगणक कामावर. मॉनिटरवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी. मार्चएंडला त्यांनी रागाच्या भरात स्विच बंद केला असता तर साहेबांसकट सगळे हातावर हात ठेवून बसले असते. हे मॅडमनाही ठाऊक होतं आणि साहेबांनाही.

अशा घडी बसलेल्या कारभारात नवा संगणक आला. मेल लागलं, टॅली उघडलं, सगळं कसं झकास. प्रिंटर जोडायला गेलो तर यादीत तो दिसतोय, पण क्लिक केलं की ‘कनेक्ट होता येत नाही’ आणि खाली ०एक्स०००००११बी हा एरर कोड. एखाद्या कॉलेजातल्या अकरावी ब तुकडीसारखा हा नंबर आणि तसाच हाताबाहेर गेलेला.

प्रिंट येत नाही म्हटलं की ऑफिसात प्रत्येकाच्या अंगात इंजिनिअर संचारतो. साहेब म्हणाले, बंद करून चालू करा. शिपाईमामांनी ट्रे बाहेर काढून, कागद फडफडवून परत आत सरकवला. त्यांच्या अनुभवात निम्मे आजार याने बरे होतात, आणि ते खोटं नाही. हार्डवेअरवाला मुलगा फोनवरून म्हणाला, “सर, एनीडेस्कचा नंबर सांगा, युनिव्हर्सल ड्रायव्हर टाकून बघतो.” त्याने प्रिंटर थेट त्या ड्रायव्हरला, म्हणजे संगणक आणि प्रिंटरमधल्या दुभाष्याला, जोडला आणि काय आश्चर्य, कागद बाहेर पडायला लागले! पहिल्या कागदाच्या डोक्यावर ‘%!पीएस-ॲडोबी’, खाली कंस, आकडे, तिरप्या रेघा. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. मॅडमनी एक पान चष्मा वर करून बारकाईने वाचलं, कारण त्यात आकडे होते.

झालं होतं एवढंच की ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्ट या भाषेत पान कसं काढायचं ते सांगत होता आणि आमच्या प्रिंटरला कळते फक्त पीसीएल ही दुसरी भाषा. त्यामुळे तो सूचना पाळण्याऐवजी सूचनाच छापत बसला. अशा वेळी आधी ट्रे ओढायचा, नाहीतर रीम संपते. मग संगणकातली ‘प्रिंट स्पूलर’ ही प्रिंटची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस थांबवायची, सिस्टिम३२ च्या आतल्या स्पूलमधलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर रिकामं करायचं, सर्व्हिस परत चालू करायची. ते फोल्डर रिकामं करायला विसरू नये. प्रिंट येत नाही म्हणून वैतागून पुन्हा पुन्हा बटण दाबलेलं सगळं तिथे साचून राहतं आणि प्रिंटर शुद्धीवर आला की कुणाच्या तरी रजेच्या अर्जाचा गठ्ठा नेमका साहेबांसमोर पडतो.

आता त्या अकरावी बचं. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या या स्पूलरमध्ये मोठं भगदाड सापडलं. ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ते गाजलं. ड्रायव्हर म्हणून भलतीच फाइल आत ढकलायची आणि तिला संगणकातले सर्वोच्च अधिकार मिळवून द्यायचे, असा प्रकार. जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती आली, तीही मुदत संपलेल्या विंडोज ७ पर्यंत. ऑगस्टपासून शेअरिंगमधून ड्रायव्हर घ्यायचा तर ॲडमिनचे अधिकार लागू लागले. आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर दोन संगणकांमधलं प्रिंटचं बोलणं बंदिस्तच हवं अशी सक्ती झाली. दोघांपैकी एक तयार आणि दुसरा नाही, की अकरा बी. पुढे २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोने बिनपासवर्डच्या शेअरिंगलाही नकार दिला.

म्हणजे नवा संगणक शहाणाच होता. मॅडमच्या संगणकाला ना पासवर्ड, ना अपडेट; त्याच्या हातात कागदपत्रं द्यायला हा तयार नव्हता. पण ऑफिसचा निकाल सरळ होता: जुन्यावर चालतं, नव्यावर चालत नाही, म्हणजे नवा खराब. मुलगाही म्हणाला, “रजिस्ट्रीत एक शून्य टाकतो सर, सगळे असंच करतात.” करतात, खरंय. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही; तिथल्या त्या शून्याने बंदिस्त बोलण्याची सक्तीच उठते. एका प्रिंटसाठी अख्ख्या ऑफिसची कडी काढून ठेवायची, हे मला पटेना.

उपाय प्रिंटरच्या पाठीमागेच होता. यूएसबीच्या शेजारी लॅनचं भोक, धुळीने बुजलेलं. प्रिंटर आल्यापासून तिथे केबल लागलीच नव्हती. केबल लावली. नेटवर्कवरचा त्याचा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्याच्या नावाने कायमचा राखून ठेवला. नव्या संगणकावर टीसीपी/आयपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरशी थेट बोलायची वाट, क्रमांक ९१००, आणि नेमक्या त्याच मॉडेलचा ड्रायव्हर. मधल्या माणसाची गरजच संपली.

साहेबांनी स्वतः पहिली प्रिंट सोडली आणि प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले. नारिंगी दिवा लुकलुकत होता, कागद येईना. नव्या ड्रायव्हरने कागद ‘लेटर’ मापाचा धरला होता, २१६ बाय २७९ मिलिमीटर, अमेरिकेत चालतो तो. आमच्या ट्रेमध्ये ए४, १८ मिलिमीटर लांब. “आता काय?” साहेब म्हणाले. शिपाईमामा ट्रे काढायला पुढे सरसावलेच होते.