दाढी दिसल्याशिवाय नर म्हणू नये

दुकानदारानं जाळीत दोन व्हिपटेल मासे धरले, एक बारीक, एक जाड, आणि म्हणाला, "घ्या मिस्त्री, जोडी आहे." 2021ची दिवाळी होती. मी परभणीत जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरतो, म्हणजे त्यांचं तारेचं वाइंडिंग नव्यानं करतो. गिऱ्हाईक "जळाली नाही हो, नुसतं बेअरिंग गेलंय" म्हणत मोटार आणून टाकतं, तरी खोलून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. माशाच्या बाबतीत मात्र बसला आणि पुढची दोन वर्षं मी दोन माद्यांचा संसार लावायची खटपट करत राहिलो.

व्हिपटेल ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाण्यात पडलेली तुराटी. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. शेपटीच्या वरच्या टोकाला चाबकाच्या वादीसारखा धागा. तोंड खालच्या बाजूला, चिकटून बसणारं. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, कोस्टा रिकापासून अर्जेंटिनापर्यंतच्या नद्यांत याचे साठच्या वर प्रकार आहेत. माझ्याकडचा साधा, तपकिरी. शास्त्रीय नाव रिनेलोरिकारिया, एवढंच खात्रीनं सांगतो. दिवसभर हलत नाही. माझी माय पहिल्या दिवशी टँकसमोर बराच वेळ बसली आणि म्हणाली, "पैसे देऊन तुराट्या पाळायलास का रे?" आणखी एक, शेवाळ साफ करायला हा मासा घेऊ नका. तो चाटल्यासारखं करतो, शेवाळ तिथंच राहतं.

बारीक तो नर, जाड ती मादी, हे दुकानातलं शास्त्र. आमचा 'नर' बारीक होता कारण टँकमधले बाकीचे मासे त्याच्या वाट्याचं खाऊन टाकायचे. रात्री दिवा बंद केल्यावर खाणं टाकायला लागलो तसं सहा महिन्यांत नवरोबांचंही पोट सुटलं. तरी माझी ट्यूब पेटली नाही. म्हटलं, सुखी संसार आहे, दोघंही भरली.

खरी खूण गालावर असते. वयात आलेल्या नराच्या गालांवर केसांसारखे बारीक ताठ काटे येतात, तीन-चार दिवस दाढी न केलेल्या माणसासारखे. छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावरही तेच. मादीचे गाल स्वच्छ. वाइंडिंगचं वार्निश कुठं तडकलंय ते बघायला दुकानात भिंग असतं, ते घरी आणून काचेला लावलं. दोघांचेही गाल गुळगुळीत. मग वरून डोकं बघायला शिकलो. मादीचं डोकं नांगराच्या फाळासारखं निमुळतं होत जातं, नराचं रुंद आणि पुढं बोथट, उलथण्यासारखं. एकटा मासा बघून हे कळत नाही, शेजारी दुसरा लागतो. अंडी भरलेली मादी काचेला चिकटली की खालून पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं दिसतं, पण नुकताच जेवलेला नरही तसाच दिसू शकतो. म्हणून मी पोटावर जात नाही, गालावर जातो. त्यातही घाई नको. पिल्लाला दाढी नसते, आणि पैदाशीचा काळ नसेल तर मोठ्या नराचीही कमी होते.

आणि जाळी वापरू नका. हेच केस जाळीत गुंततात, मासा फडफडतो आणि जखमी होतो. प्लास्टिकच्या डब्यानं पाण्यासकट उचला.

2023मध्ये नांदेडच्या एका हौशी माणसाकडून बोटाएवढी पाच पिल्लं आणली. वर्ष होत आलं तेव्हा त्यातल्या दोघांना दाढी फुटली. खोटं कशाला सांगू, माझ्या पोराला मिसरूड फुटलं तेव्हा इतका आनंद झाला नव्हता.

याची मादी अंडी घालते ती नळीत किंवा पोकळ लाकडात. पाइपला माझ्याकडं काय तोटा! आधी दोन इंची तुकडे टाकले. नर आत जायचा, वळायचा, बाहेर यायचा. नको म्हणायचा. मग एक इंची पाइपचे वीतभर लांबीचे तुकडे कापले, आतून पॉलिश पेपर मारून खरबरीत केले. त्याच रात्री मोठा नर आत, धाकटा दुसऱ्यात. मोटारीच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, तार जशी दाबून बसावी लागते तसं त्याला दोन्ही कुशींना भिंत लागते.

अडचण पाण्याची होती. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, क्षार एवढे की बादलीला पांढरा थर बसतो. माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 1100. त्यात 2024चा मे. टँकमधलं पाणी 33 अंशांवर. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. 25 अंशांना लिटरला सव्वाआठ मिलीग्रॅम ऑक्सिजन राहतो, 33ला सातच्या थोडा वर. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण माशाची भूक आणि धाप उन्हात वाढते तेव्हाच हवा कमी होते. मी टँकवर पंखा लावला. पाणी उडून दोन-तीन अंश उतरायचे, पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात. वरून पुन्हा बोअरचं ओतलं की आणखी क्षार. म्हणून जारचं पाणी आणून माठात थंड करून घालायला लागलो. यावर आमच्या हिनं एकच वाक्य ऐकवलं, "माणसाला इकतचा जार, आन् माशालाबी जारच?" उत्तर नव्हतं माझ्याकडं. मी त्या महिन्यात चहा कमी केला.

मृग लागला. पहिल्या दोन सरी गच्चीवरची घाण धुऊन जाऊ दिल्या आणि तिसऱ्या पावसाला पन्हाळाखाली दोन पिंपं लावली. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. रोज थोडं थोडं बदलत टीडीएस 400 वर आणलं, पाणी 26 अंशांवर आलं. पाऊस लागला की शेतातल्या मोटारी बंद, माझा धंदा मंदा, म्हणून बघत बसायला वेळही होता. चौथ्या सकाळी मोठ्या नराच्या पाइपात टॉर्च मारला तर त्याच्या पोटाखाली हिरवट अंडी. मोहरीएवढी, कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली.

मादी घालून निघून जाते. पुढचं सगळं बाप करतो. तोंडानं अंडी साफ करतो, परांनी वारा घालत राहतो, खायलाही बाहेर येत नाही. याच्याच जवळच्या गोतातल्या एका प्रकारात तर बाप अंड्यांचा गठ्ठा ओठाला चिकटवून हिंडतो. लांबट काडीसारखे जे फार्लोवेला मिळतात ते उघड्यावर, काचेवरच अंडी घालतात, पण राखण तिथंही बापाकडंच.

तो पहिला घाणा वाया गेला. पाचव्या रात्री लाइट गेली ती पहाटे आली. हवेचा पंप बंद. नर पाइप सोडून वर येऊन काचेला चिकटलेला, अंडी पांढरी, बुरशी धरलेली. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारी चालू करून देणारा मी, घरात बॅटरीवर चालणारा दोनशे-चारशेचा पंप ठेवला नव्हता.

जुलैत पुन्हा अंडी झाली. पंप आधी आणला. आठवड्यात अंडी तपकिरी झाली, आत डोळे दिसायला लागले, आठव्या दिवशी पिल्लं बाहेर. मोजली तेव्हा 54. शेपटीला धागा, बापाची हुबेहूब नक्कल, सेंटीमीटरभर. पोटाखालची पिवळी पिशवी तीन दिवस पुरते, तोवर खायला घालू नका.

नंतर मात्र पोट रिकामं ठेवलं की मरतात आणि अन्न सडलं तरी मरतात. माझी पहिल्या आठवड्यात वीसेक गेली ती दुसऱ्या कारणानं. प्रेमानं पालक टाकत गेलो. मग शहाणा झालो. उकडलेल्या दोडक्याची चकती संध्याकाळी टाकायची, सकाळी काढायची. दिवसातून दोनदा तांब्याभर पाणी काढून तेवढंच घालायचं. तळाशी देशी बदामाची लाल होऊन गळालेली पानं. मासेवाले तीच 'कटापा' म्हणून पाकिटातून विकतात, मी रस्त्यावरून उचलून आणतो. पान कुजताना त्यावर जो बुळबुळीत थर धरतो तो पिल्लं दिवसभर खरवडतात. त्यानंतर मरणं थांबलं. 31 वाचली.

आता ओळखीचे लोक येतात, पिल्लांकडं बघतात आणि म्हणतात, "मिस्त्री, यातली एक जोडी द्या ना." मी म्हणतो सहा घेऊन जा, जोडी त्यांची ती लागेल. सहा नको असतील तर दिवाळीनंतर या, येताना भिंग आणा.